मकामेचा डोळा

झुवेनाने तीन बोये फुगवले:
नारिंगी, पिवळा,
आणि एक गुलाबी, आखूड, स्वस्तातला.
मग मामाला नाव घेऊन पाठवलं
पार प्रवाळाच्या कडेपर्यंत.

"हा दिसतो?"
किनाऱ्यावरून एकेक उभा धरत ती ओरडली.
परतल्यावर मकामे म्हणाला,
"उन्हात सगळं पाणी चांदीच होतं, पोरी.
गुलाबी तर नाहीच. नारिंगी काळपट.
पिवळा कळला."
मोतीबिंदूबद्दल दोघंही बोलली नाहीत.
दीड माणूस उंचीचा पिवळाच ठरला.

आज अठरा मीटरवर ओढीने धरलं.
पेंबाचं पाणी विचारून नेत नाही.
तिने रीळ अंगापासून लांब धरलं,
हुक स्वतःला अडकवला नाही,
बोयाच्या तोंडात एक उच्छ्वास सोडला.
दोरी सरसरत वर.

पाच मीटरवर तीन मिनिटं.
सोबतचे दोघे तिच्या पंखांमागे,
घड्याळाचे आकडे हिरवे,
दोरीला बेताचा ताण.
खालून बोया म्हणजे नुसती काळी रेघ.
रंग तिच्यासाठी नव्हताच.

एक मिनिट उरलं असेल,
तेव्हा डावीकडून
मामाच्या इंजिनाचा तो जुना खोकला.