खांब क्रमांक एकशे एकसष्ट

शिरोलीच्या फाउंड्रीचं मागचं फाटक
रात्री दहा ते सहा माझ्या ताब्यात असतं.
एक खुर्ची, एक वही, एक टॉर्च,
आणि गुडघ्यात मुक्कामाला आलेली बंगालची थंडी.

बावीस वर्षं सीमेवर काढली, त्यातली नऊ नदीकाठी.
तिथं तारेला रिकाम्या बाटल्या टांगायचो,
दारूच्याच, दुसऱ्या कुठल्या मिळणार.
कुणी तार हलवली की किणकिण.
वाऱ्यानं हलवली तरी किणकिणच.
माणूस कुठला आणि वारा कुठला
हे कानाला कळायला दीड वर्ष गेलं.

एकशे एकसष्ट नंबरच्या खांबापाशी तार संपायची.
पुढं नदी.
दर पावसाळ्यात ती कड बदलते,
तिच्यात खांब उभा राहत नाही.
त्या फटीतून आले ते, धुक्यात, गुरं हाकत,
आणि गारगोटीच्या सर्जेराव मांगलेच्या
मानेवर कोयता पडला.
पेटी मीच घेऊन आलो.
त्याची आई म्हणाली, एवढं कुंपण होतं नव्हं?
मी म्हटलं, होतं मावशी. थोडं कमी पडलं.

म्हणून चहाच्या गाड्यावर कुणी
'कुंपणं कशाला, माणसं सगळी एकच' म्हणालं
की मी अर्धा कप तसाच ठेवून उठतो.
दिवे वाढवा, तार वाढवा, नदीत बोटी सोडा,
आणि पहाऱ्यावरच्या पोरांना सहा तास झोपू द्या.
हे मी साहेबांना लिहूनसुद्धा दिलं होतं.
पोच मिळाली.

शेवटच्या वर्षी एक दुर्बीण आली,
अंधारात अंगाची ऊब दाखवणारी.
तिच्यात चेहरा नसतो, पांढरा डाग नुसता.
तस्कर पांढरा, गाय पांढरी,
कडेवरचं लेकरू आईत मिसळून एकच डाग.
त्या रात्री मी किती मोजले ते विचारू नका.

इथं लोखंड ओतताना
भट्टीपुढची पोरं तशीच दिसतात.
त्यातला एक, कार्डावर बिमल, जिल्हा मालदा.
मी सहज विचारलं, तुझ्या गावची नदी कुठली गा?
त्यानं नाव सांगितलं.
नदी माझीच होती,
नाव मात्र पलीकडच्या काठावरचं.
मी गप्प बसलो. वहीत तसला रकाना नाही.

शनिवारी नोटीस लागली,
सोमवारी पोलीस येणार, कागद बघणार.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
भंगाराच्या ढिगामागं पत्रा वाजला.
झाडाचं पान हलत नव्हतं.

'थांब! कोन हाय?'
बावीस वर्षांत या हाकेला थांबलेली माणसं मोजून दोन.
हा तिसरा.
हात वर, एका हातात जेवणाचा डबा.
'काका, आत नाही येत. बाहेर चाललोय.'
टॉर्चच्या उजेडात तो जेमतेम एकोणीसचा.
मला सर्जेरावची आई दिसली.
या पोराचा त्या कोयत्याशी काही संबंध नव्हता,
तरी ती दिसली, खोटं कशाला सांगू.
किती वेळ गेला कुणास ठाऊक.
हायवेवरून उसाचे तीन ट्रक गेले.
मग मी टॉर्च विझवला.

वहीत लिहिलं :
दोन दहा. पत्रा वाजला. वारा.

सहाला बदलीवर खोत आला,
वही वाचली, आभाळाकडं बघितलं, सही केली.
मी हातोडी मागून घेतली
आणि घरी जायच्या आधी
तो सैल पत्रा
आठ खिळे ठोकून पक्का केला.