पाठकोरं

तीस वर्षं डोमा नाचला
आणि मी त्याच्यामागे उभा राहून ढोलकी वाजवली.
लोकांना त्याचा चेहरा मिळाला, मला पाठ आणि टाचा.
डावी टाच थोडी उशिरा पडायची,
केसाएवढी,
तेवढ्या जागेत अख्खी मंडई श्वास धरून उभी असायची.

दिवाळी सरली की मंडया.
आज या गावची, उद्या चुलबंदीपलीकडची.
डोमा तिन्हीसांजेला दोनदा दाढी घोटायचा,
लुगडं नेसायचा, चाळ बांधायचा,
आणि पहाटे त्याच लुगड्याचं गाठोडं उशाला घेऊन
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा व्हायचा.
कुणी बिडी मागितली तर म्हणायचा,
"बाई झोपली हाये बाप्पा. सकारी ये."

मग गुडघा गेला.
पडला नाही, लचकला नाही. गेला.
भंडाऱ्याच्या डॉक्टरनं उजेडावर फोटो धरला.
करड्यावर पांढरं, पांढऱ्यात काळं.
डोमा बघतच राहिला.
"हे माह्या आतमंधी हाये? लगित चांगलं काढलं जी."
मला वाटतं तिथूनच झालं.
तो म्हणतो, नाही, ग्रामपंचायतीचा डबा उरला होता.

डबा निळा होता. निरा.
आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही:
कारा, पिवरा, निरा.
शाळेतल्या बाई पोट्ट्यांचं दुरुस्त करतात.
डोमाचं कोण करणार?

कापड नव्हतं, फ्लेक्स होते.
वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, वाऱ्यानं फाडलेले,
कुणी गोठ्यावर टाकलेले.
पुढून हात जोडलेला कुणी साहेब,
मागून पाठकोरं.
डोमा ते अंगणात पसरतो, चार दगड ठेवतो
आणि बुडावर सरकत सरकत रंग ओढतो,
सारवणाच्या हातानं.
पहिल्या वर्षीचं सगळं पापुद्रे होऊन उडालं.
मग त्यानं आधी राखेनं घासायचं शोधून काढलं,
भांडी घासता घासता.

भागरथा म्हणाली, देव काढा, नाहीतर मोर तरी.
ग्रामसेवकाला धानाच्या बांध्या दिसल्या,
पोट्ट्यांना साप.
डोमा कुणालाच नाही म्हणत नाही.
"हाये जी, थे बी हाये."

मी बरेच दिवस गेलो नाही.
राग होता, खरं सांगायचं तर.
माझे हात अजून चालतात.
ढोलकी खुंटीला, पावसाळ्यात चुलीशी नेऊन शेकवतो,
शेकवून परत खुंटीला.
आणि यानं माझ्याशिवाय होणारं काहीतरी शोधलं.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो.
अंगणभर काळा. त्यावर निळे फटकारे,
सुटे सुटे, मग जवळ, मग एकदम दाटीवाटीनं,
आणि प्रत्येकाच्या कडेला पिवळ्याचा थेंब,
थोडा उशिरा.
मी काही केलं नाही. बोटंच मांडीवर वाजायला लागली,
उजवीकडून डावीकडे,
तो गर्दीतून आत शिरायचा तशी.
अर्ध्याच्या पुढे वीतभर जागा,
तिथं काळा आलाच नव्हता.
बोटं थांबली.

"हे राह्यलं का रे?"
डोमा खराट्याच्या काड्या धूत होता.
"राह्यलं नाई. पालांदूरच्या मंडईत
वादी सुटली होती तुही. थे हाये."
मला आठवेना.
"मंग तू काय केलं?"
"उभा राह्यलो," म्हणाला. "पाय उचलून."

भागरथानं चहा आणला.
वाऱ्यानं एक कोपरा उलटला,
साहेबांचे जोडलेले हात वर आले.
मी दगड सरकवून ठेवला,
आणि त्या वीतभर जागेवर पाय पडणार नाही
असा, जरा तिरपा, बसलो.