शंभरास एक

नकाशा मी काढला होता. म्हणजे, गिरवला होता.
पुण्याच्या कुणा आर्किटेक्टचा, वरून आलेला,
प्रमाण शंभरास एक.
ऑफिसच्या टेबलावर तो शहाण्यासारखा पसरायचा.
इथं, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये,
पंख्यानं त्याचे चारही कोपरे उडवले
आणि चार चपला ठेवून तो दाबावा लागला.

बैठक आधी मंगळवारी ठेवली होती.
मंगळवारी पाणी येणार होतं, पाचव्या दिवशीचं,
म्हणून कुणीच आलं नाही.
बुधवारी आले. सगळे एकदम बोलले, आणि मोठ्यानं.
साहेब माझ्या कानाशी, "भांडतायत का हे?"
नाही सर. चाळीस वर्षं साच्यापाशी उभं राहिलं
की माणूस असंच बोलतो.
माझे वडील असेच बोलायचे,
प्रेमाचं सुद्धा.

"सभागृह, तीनशे आसनं," मी वाचत गेलो.
"व्यासपीठ. मान्यवर कक्ष. मान्यवरांसाठी प्रसाधनगृह."
अंबव्वा येमूलनं कात्री सुपात ठेवली.
"मान्यवर कोन रे बाळा? घरकुलातच ऱ्हातेत का?"
कुणी हसलं नाही.
तिला खरंच माहिती हवी होती.

तेव्हा नरसय्या उठला, वार्पिंगवाला.
"कागद ऱ्हाऊ दे की. मैदानावर चला."
कोपऱ्यातून त्यानं बॉबिनं उचलली,
टॉवेलांच्या शेवटच्या ऑर्डरीतलं उरलेलं लाल सूत,
आणि मी फूट सांगत गेलो तसा
तो खुंट्या ठोकत, सूत ताणत गेला.
ऊन एक्केचाळीसचं. साहेब गाडीत जाऊन बसले.
गुडघ्याएवढ्या भिंती उभ्या राहिल्या,
वाऱ्यावर बारीक थरथरणाऱ्या.

आता नकाशा सगळ्यांना वाचता येत होता.

शमशाद नदाफ मान्यवर कक्षात उभी राहिली, फिरली,
"माझ्या दोन्ही खोल्या बसतात की यात. मोरीसकट."
महांतप्पा हलकुडे व्हरांड्यात बसला, डोळ्यांवर हात घेऊन,
"चार वाजता हितं कोन बसणार बे? भाजून निघंल."
बारावीतली एक पोरगी अभ्यासिका शोधत
सगळ्या खोल्यांतून गेली,
आणि सुताच्या बाहेर येऊन म्हणाली, "मग मी इथं बसू?"
अंबव्वा सभागृहाच्या मधोमध मांडी घालून बसली
आणि मागं हात नेऊन हवेत काहीतरी चाचपू लागली.
भिंत. पाठ टेकायला.
"दिवसाला हजार विड्या वळायच्या,
खुर्ची काय करू तुझी?"

मी लिहीत होतो. वहीत जागा होती.
सरकारी वहीत एवढी जागा असते
हे मला त्या दिवशी कळलं.

दार मुख्य रस्त्याकडं होतं, उद्घाटनाचा फोटो नीट यावा म्हणून.
पण गल्लीतली पोरं चेंडूमागं धावत आली,
त्यांना कुठं माहीत भिंत कुठली,
आणि गल्लीच्या बाजूचं सूत तटकन तुटलं.

झोपेतही तुटलेला धागा सांधणारा नरसय्या
दोन्ही टोकं हातात धरून उभा राहिला.
मग त्यानं ती सोडून दिली.
"तलुपु ईड," अंबव्वा स्वतःशीच म्हणाली.
दार हितं.

एकेचाळीस सूचना मी टाईप करून दिल्या.
लाल पेन फिरून परत आलं तेव्हा सात उरल्या होत्या,
त्यातली एक शुद्धलेखनाची.
फाईल आता स्थायी समितीच्या वाटेवर आहे.
घरकुलाकडं गेलो की अंबव्वा विचारते,
"माझी भिंत कुठपर्यंत आली रे?"
मी म्हणतो, येतीय.
दुसरं काय म्हणू?

सूत केव्हाच गेलं. थोडं शेळ्यांनी खाल्लं,
उरलेलं पोरांनी पतंगाला नेलं. खुंट्या चुलीत.
पण परवा संध्याकाळी मी तिथं उभा होतो.
महांतप्पा सायकलवरून आला,
मोकळंच मैदान, कुठूनही आडवं जाता आलं असतं.
तो गल्लीच्या बाजूनं वळसा घालून आला,
उतरला,
आणि सायकल हातात धरून
दारातून आत गेला.