लोह

किलीबेग्जच्या गोदीत मी जहाजांचे पत्रे जोडतो.
वय एकोणतीस.
वर्षभरात दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालू लागली,
आणि सॉरखा रात्री पाठीला पाठ न लावता
तोंड करून झोपते तेव्हा
ओहोटीला गाळात टेकलेल्या होडीसारखा
मी तिथेच असतो.

लेटरकेनीत डॉक्टर हॅनरॅटींनी सकाळी आठला रक्त घेतलं,
पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतलं.
एका आकड्यावरून कुणाचा निकाल लावू नये, म्हणाले.
दोन्ही आकडे सारखेच निघाले. टेस्टोस्टेरॉन तळाला.
मग विचारत सुटले.
झोप? होते. घोरत नाही, बायकोला विचारा.
वजन? आत्ताच तर काट्यावर उभं केलंत.
लहानपणी गालगुंड? झाले होते, पण गालापाशीच राहिले, खाली उतरले नाहीत.
जिममधली इंजेक्शनं? ओवननं घेतली होती. मी नाही.
(बैलासारखे दंड झाले होते त्याचे. आता लग्नात नाचत नाही.)
दुखण्याच्या गोळ्या? एक हिवाळा, पाठ धरली तेव्हा. नऊ पाकिटं.
डोक्याला मार? डोकेदुखी? नजर कडेनं अंधुक होते का?
ते लिहीत राहिले. मी पेनाकडे बघत राहिलो,
आता कुठल्या तरी ओळीवर थांबेल
आणि म्हणेल, हे बघ, इथे चुकलास तू.

पेन थांबलं नाही.
निघताना त्यांनी हात मिळवला आणि मी कळवळलो.
पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी.
कधीपासून? दोन वर्षं. हत्यार धरून होतं ते.
त्यांनी हात सोडलाच नाही. उलटापालटा केला,
बाही मागे सारून मनगटाचा रंग पाहिला.
"स्पेनला गेला होतास?"
सगळे हेच विचारतात.
मी कधी कुठे गेलेलो नाही.

लोखंड निघालं.
गोदीतलं नव्हे, ते म्हणाले. पानातलं, रोजच्या घासातलं.
आईकडून एक, बाबांकडून एक, अशी दोन चुकार अक्षरं आली,
आणि शरीर आलेलं लोह परत करायला विसरलं.
यकृतात साठलं, सांध्यात साठलं,
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी आहे तिच्यात साठलं.
तिथून खाली निरोप जायचा की उठा, कामाला लागा.
निरोप निघतच नव्हता. खालचे बिचारे वाट पाहत बसले होते.

पोरगा थकलेला दिसतो म्हणून
आई दीड वर्ष मला लोहाच्याच गोळ्या देत होती.
संत्र्याच्या रसाबरोबर, अंगी लागाव्यात म्हणून.

घराण्यात आणखी कुणी?
फेलिमकाका. यकृतानं गेला, बेचाळिसाव्या वर्षी.
पिऊन मेला, असं आम्ही म्हणत आलो.
नाताळात अर्धा ग्लास घेणारा माणूस.
चोरून पीत असणार, यकृत काय खोटं बोलतं?
मूल नव्हतं त्याला.
ते गावानं नूलाकाकूच्या खाती लिहिलं.

आता दर गुरुवारी अर्धा लिटर रक्त काढून टाकतात.
पिशवी भरताना बघतो. इतरांच्यासारखंच लाल.
लोह उतरेल, असं सांगतात.
बाकीचं परत येईल की बाहेरून द्यावं लागेल,
याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं नाही, आणि बरं केलं.

रविवारी नूलाकाकूकडे गेलो.
ती दोरीवरची चादर काढत होती.
कागद चष्मा लावून वाचला, पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.
"तो कुणाशी हात मिळवायचा नाही," ती म्हणाली.
"लोक म्हणायचे, माज आहे."
मग चिमटे डब्यात टाकू लागली, एकेक.
चादर अर्धी खाली लोंबत होती.
"बघू तुझा हात."
मी दिला.
तिनं दाबला नाही. गरम भांडं उचलतात
तसा, बेताबेतानं, नुसता धरला.