मंगळवारी आणि गुरुवारी

पट्टा बोलेना, म्हणून आधी जीभ लावली.
साकूने सांगितलं होतं, आतली दोन काळी रबरं कोरडी नकोत,
पाणी नसेल तर थुंकी चालते.
उणे अठरात नळ कुठे शोधणार.
थुंकी लावली, छातीखाली बांधला,
बरगड्यांना गारठ्याचा चटका बसला,
आणि मनगटावर पुन्हा त्याच दोन आडव्या रेघा.
घड्याळाच्या मते मी नव्हतोच.

मग धुतला.
साध्या साबणाने, कोमट पाण्यात,
तान्ह्या मुलाची टाळू चोळावी तशा हाताने.
पिळला नाही. कपडे मऊ करणारं ते सुगंधी औषध घातलं नाही,
ते रबरावर साय धरतं आणि ठोका अलीकडेच अडकतो.
पाण्यात तीन आठवड्यांचं मीठ उतरलं.
लाकूडगिरणी सुटली तरी
मला अजून इतका घाम येतो, याचं जरा बरं वाटलं.
सौनात वाळत घालणार होतो, पण बाहेरच्या खोलीत घातला.
नव्वद अंशात माणूस टिकतो, पट्टा नाही.

आतली बंडी बदलली.
नायलॉनची कोरड्या हवेत चटचट ठिणग्या सोडते,
मागच्या हिवाळ्यात उभ्या उभ्या दोनशे एकतीस दाखवले होते,
खरे असते तर हे लिहायला मी उरलो नसतो.
लोकरीची घातली. पट्टा बोटभर घट्ट केला.
रेघा.

गंमत म्हणजे रोज बंद नसायचा.
मंगळवारी चालायचा, गुरुवारी चालायचा,
आणि असा चालायचा की बघत राहावं:
तिसऱ्या चढावर एकशे अठरा.
अडुसष्टाव्या वर्षी!
हातमोजा काढून मी ते हिल्काला दाखवलंही होतं.
हिल्का मोइलानेन, शेजारच्या चाकोरीतून स्की करणारी,
चढावर गप्पा मारू शकणारी कुह्मोतली एकमेव बाई.
"बरंय की," म्हणाली, आणि पुढे निघाली.

साकूने दुकानात पट्ट्यावरची डबी सोडवली,
नाण्याने झाकण फिरवलं, सेल मोजला.
"हा जानेवारीतच गेलाय.
वापरून झाल्यावर डबी काढून ठेवत नाहीस ना?
ओल्या कापडाला छाती समजून ती रात्रभर जागत बसते."
मी म्हणालो, मग मंगळवार? मग गुरुवार?
त्याने घड्याळ घेतलं, मुलाने पाठवलेलं, नवं,
त्याच्या पोटात कुठेतरी खोल शिरला
आणि म्हणाला, तुझ्या डबीचा नंबर संपतो सातवर.
हे ऐकतंय चारवर संपणाऱ्या कुणाचं तरी.

वाटेवरच्या झोपडीत बूट बांधताना घड्याळाने विचारलं होतं,
सापडला. जोडू?
जाड हातमोज्याच्या अंगठ्याने मी हो म्हटलं होतं.
बाकावर शेजारी कोण होतं, ते साकूला सांगितलं नाही.

म्हणजे तीन आठवडे
मी एका बाईच्या ठोक्यांवर फुशारकी मारत होतो,
तिच्याचसमोर.

नवा सेल. झाकणाखालचं रबरी कडं पुसून नीट बसवलं.
शनिवारी एकटा गेलो. तिसऱ्या चढावर एकशे छप्पन्न.
हा माझा. धापेवरून लगेच ओळख पटली.

रात्री जुने आलेख उघडून बसलो.
एक गुरुवार, उतारावरचं वळण,
जिथे मी पडलो, आणि पडल्यावर
बराच वेळ उठलोच नाही, निव्वळ आळसाने,
खांबावरच्या दिव्याभोवती बर्फ भुरभुरत होता तो बघत.
तिथे रेघ एकदम उभी चढते,
एकशे दहावरून एकशे एकोणसाठ,
आणि कितीतरी वेळ खाली येत नाही.
मी समजलो होतो, घाबरलो असेन.
पण मी कुठे घाबरलो होतो?

ती खाली वळणावर उभी होती.
एवढंच म्हणाली होती,
"काठी वाकली का?"

साकू म्हणतो जुन्या नोंदी पुसून टाक, उगाच जागा खातात.
बघू.

उद्या मंगळवार.
पट्टा खुंटीवर वाळतोय, डबी खिडकीत वेगळी.
हिल्कालाही सांगायला हवं,
घरी गेल्यावर सोडवून ठेवत जा,
नाहीतर ती उगाच जागी राहते.
एवढ्यावरून सुरुवात करता येईल.