गिल्डर

मक्कुमच्या शेडमध्ये, फेब्रुवारीत,
वीब्रेन जुन्या गिल्डरने
कॅटमरानची पाठ ठोकत जातो.
टण. टण. टण.
मग ठप्प.
तिथे पेन्सिलीचं वर्तुळ.
फायबर आणि फोम यांनी आतल्या आत
काडीमोड घेतलेला,
वरून रंग शाबूत.

बारीक भोकं. गुरांच्या डॉक्टरकडची सिरिंज.
इपॉक्सी या थंडीत आळत नाही,
म्हणून वर गरम पाण्याची पिशवी,
पिशवीवर यिल्तियेचा स्वेटर,
न्यायचा राहिलेला.

दर दोन तासांनी उठून पाणी बदलतो.
चिडतो, कोणावर ते ठरत नाही.
पहाटे पुन्हा नाणं.
टण.

डावं अंग झालं.
उजव्याला अजून हात लावलेला नाही.
गिल्डर खिशात:
चलनातून गेलेला,
ऐकण्यापुरता उरलेला.