अनुशेष

उदगीरला रुजू झाले तेव्हा लॅबमध्ये एक सूक्ष्मदर्शक होता
आणि भिंग पुसायला नागनाथच्या धोतराचा सोगा.
जेल हातानं ओतायचो,
पट्ट्या रात्री वाचायचो, साडेबाराच्या आत,
कारण एकला लाईट जायची.

हंडरगुळीच्या बाजारात रक्ताच्या नळ्या घेऊन फिरले
की लोक विचारत, बाई, साथ आली का?
म्हणायचे, नाही, वंश बघतोय.
– मग आम्हाला विचारा की.
हुसेनसाब सौदागर रुमालाखाली कुणाची तरी बोटं धरून
तोंडानं माझ्याशी बोलायचे,
हातानं हजार-दोन हजार सरकवायचे.
कानाचं टोक, गळ्याची पोळी, डोळ्याभोवतीची काळी कड,
एवढ्यावर तीन पिढ्या मागं जायचे.
हिची आजी वलांडीची.
बाप कुठला ते सांगत नाही,
मालक इथंच उभा आहे.

मी नळीवर आकडा घातला, एकशे सदतीस.

एका मे महिन्यात उणे ऐंशीचा फ्रीजर बंद पडला.
जनरेटरमध्ये डिझेल होतं, कागदावर सही नव्हती.
नागनाथनं रसवंतीवाल्याला झोपेतून उठवलं,
गोणपाटात बर्फाच्या चार लाद्या, भुशासकट, सायकलवर.
सकाळी निम्म्या नळ्या गेल्या होत्या.
एकशे सदतीस वाचली.
मधल्या कप्प्यात होती म्हणून असेल.

आता नळ्या हैदराबादला जातात
आणि कुरिअरनं डिस्क येते,
तंबाखूच्या डबीएवढी, आत अख्खा गोठा.
चार अक्षरांची लिपी.
काना नाही, मात्रा नाही, कुठं थांबायचं ते नाही,
आणि येते ती फाटून,
दीडशे-दीडशे अक्षरांच्या चिंध्यांत, कोट्यवधी.
जुळवायला नमुना लागतो.
नमुना परदेशातल्या एका गायीचा,
जिनं जन्मात कडब्याला तोंड लावलं नाही.
तिच्या अंगावर आपली देवणी अंथरायची.
बसेल तो तुकडा गाय.
बसणार नाही तो
प्रोग्राम एका ओळीत बाजूला काढतो.

शिवकांता म्हणाली, मॅडम, डिस्क भरली,
हे न बसलेलं उडवू का? सगळेच उडवतात.
थांब म्हटलं.
फोल्डरला नाव दिलं, अनुशेष.
ती खूप हसली. तिचे वडील पाटबंधारे खात्यात,
हा शब्द त्यांच्याकडं आमटीभाताबरोबर वाढलेला.

त्यात बरीचशी घाण असते, मला माहीत आहे.
जिवाणू, गोचिडाचं काही,
माझ्या हातमोज्याच्या भोकातून गेलेली मी.
चाळलं, पुन्हा चाळलं,
चार पावसाळे चाळलं.
चाळणीत एक लांबट तुकडा राहिला,
एकशे सदतीसमध्ये,
आणि वलांडीकडच्या आणखी आठांत.
काय करतो तो? ठाऊक नाही.
कदाचित काहीच करत नाही, नुसता येत राहतो,
आईकडून, तिच्या आईकडून.
लेख पाठवला. उत्तर आलं,
नमुन्यात भेसळ नसल्याची खात्री केली आहे का?

निवृत्तीच्या आधल्या महिन्यात हुसेनसाबांकडं गेले.
मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले,
मुलगा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो.
वंशवृक्षाचा छापील कागद त्यांच्या मांडीवर पसरला,
त्यांनी तो पोळी चाचपावी तसा चाचपला,
बाजूला ठेवला,
खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला.
आत त्यांची बोटं चालली.
माझी तीन धरली,
सोडली,
दोन दाबली, मग करंगळीचं अर्धं पेर.
किती झाले, मी विचारलं.
ते काहीच बोलले नाहीत. मुलगा चहा घेऊन आला.

लॅबमध्ये परतल्यावर टाईप केलं:
तीन, सोडणे, दोन, अर्धं पेर.
कशाशीच जुळलं नाही.
फोल्डरमध्ये ठेवलं.